हात बटणाकडे जाण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

दमूनभागून घरी आलात, कुलूप काढलंत आणि अंधारात नाकाला गॅसचा तो कुजकट वास लागला. हात कुठे जाईल? दिव्याच्या बटणाकडे. माझाही जाईल, वर्षानुवर्षांची सवय आहे ती.

बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी पडते. एरवी तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण सिलिंडरमधला गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेत साधारण २ टक्के मिसळला की त्याला पेट घ्यायला तेवढी ठिणगी पुरते. म्हणून दिवा लावायचा नाही, आणि लागलेला असेल तर मालवायचाही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. सगळ्यात फसवा तो एक्झॉस्ट फॅन. वास घालवायला म्हणून आपण तो लावायला जातो, आणि घात तिथेच होतो.

मग करायचं काय? शेगडीच्या कळा आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. फोन बाहेर गेल्यावर. वास फारच उग्र असेल तर आत पाऊलही टाकू नका.

दारं उघडायची ती अशासाठी, की सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. ओट्याखाली, कोपऱ्यात, जमिनीलगत साचून राहतो. वरचा झरोका त्याला पुरत नाही. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हलका, तो छताकडे जातो. दोघांनाही स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. आणि नाक मोठं लबाड, थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस ‘वास येतोय’ म्हणाला, तर त्याचंच खरं माना.

शंका आली, तर वाटीत साबणाचा फेस करा आणि बोटाने नळीच्या जोडावर लावा. गळत असेल तर तिथे बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. काडी पेटवून गळती शोधणारे महाभागही आहेत. त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर बर्नरची छिद्रं तुंबली असतील. अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो; तिथे नाकाचा काही उपयोग नाही. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी.

मंद आचेवर काही ठेवून उठून जाऊ नका. उतू जातं, ज्योत विझते आणि कळ चालूच राहते. अशा वेळी घाईने पुन्हा पेटवायचं नाही. आधी कळ बंद करा, साचलेला गॅस जाऊ द्या.

आणि हो, ऐकता ऐकता आत्ताच वास आला, तर हा रेडिओ बंद करायला उठू नका. मी बोलत राहीन, तुम्ही बाहेर पडा.