भोक आधी पडलं, गोष्ट नंतर आली

हे पंचिंग मशीन. ऑफिसात फायलीचे कागद लावायला असतं ना, तेच. एरिक कार्ल नावाचा, लहान मुलांची पुस्तकं करणारा अमेरिकन चित्रकार एकदा असाच टाइमपास म्हणून कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसला होता, आणि ती भोकं बघता बघता त्याला आठवला पुस्तकं कुरतडणारा किडा. गोष्ट अजून नव्हतीच हां, नुसती भोकं होती.

मग त्याने डमी केली, म्हणजे कच्चं पुस्तक. हिरो कोण, तर विली नावाचा किडा, दिसेल ते खात सुटलेला. त्याची एडिटर अ‍ॅन बेनेड्यूस, तिला भोकं आवडली पण किडा काही पटेना. तिने सुचवलं, सुरवंट घेतला तर? कार्लच्या तोंडून लगेच निघालं, फुलपाखरू! झालं, सुरवंट गोष्टीचा शेवट सोबतच घेऊन आला.

आता पानं बघा. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. एका फळाचं पान चिंचोळं, पुढचं थोडं रुंद, त्यापुढचं अजून रुंद, जिन्याच्या पायऱ्यांसारखं, आणि प्रत्येक फळात आरपार भोक. वाचून दाखवणारा पहिल्या ओळीवर असतो तोवर पोराचं बोट भोकात गेलेलं असतं. पण असली वेगवेगळ्या मापाची, भोकं पाडलेली पानं छापायची कोणी? अमेरिकेत परवडेल असा प्रेस मिळेना, शेवटी बेनेड्यूसने जपानमध्ये छापणारे शोधले आणि १९६९ साली 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', म्हणजे खूप भुकेला सुरवंट, हे पुस्तक आलं. अख्ख्या पुस्तकात इंग्रजी शब्द किती, तर २२४. एवढं तर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर एका दमात लिहितो.

चित्रांची पद्धत पण हातकामाचीच. पतंगाच्या कागदासारखा पातळ टिश्यू पेपर घ्यायचा, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे फटकारे मारायचे, ब्रशने, स्पंजने, कधी चक्क गालिच्याच्या तुकड्याने, मग वाळवून रंगांप्रमाणे ड्रॉवरमध्ये लावून ठेवायचे. हिरवा सुरवंट हवा असला की हिरव्यांचा ड्रॉवर उघडायचा, हवा तो तुकडा कापायचा आणि वॉलपेपरच्या खळीने डकवायचा. कागद पातळ, त्यामुळे एकावर एक आला की खालचा रंग वर डोकावतो.

एक चूक मात्र लोकांनी पकडलीच. फुलपाखराच्या कोषाला इंग्रजीत 'क्रिसॅलिस' म्हणतात आणि कार्लने लिहिलंय 'ककून', तो पतंग या कीटकांचा, रेशमाच्या किड्याचा. कार्लने ते बदललं नाही, कारण लहानपणी त्याचे वडील त्याला ककूनमधून बाहेर ये म्हणायचे आणि क्रिसॅलिसमधून बाहेर ये हे त्याच्या कानाला बरोबर वाटेना. मराठीत आपण दोन्हीला कोषच म्हणतो, आणि बुजऱ्या पोराला सांगतो पण तेच, अरे जरा कोषातून बाहेर ये.