अवजार सोडतानाच जोडा

नमस्कार श्रोतेहो.

लावणीच्या तोंडावर मांगरातून रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती कालवणारं अवजार, काढायचा असतो. मिनी ट्रॅक्टर त्याला जोडायला मागे घेतला की दांड्याचं एक भोक जुळतं आणि दुसरं चार बोटं वर राहतं. मग पहार आणा, घण आणा, शेजाऱ्याला हाक मारा. आज मी एकच मुद्दा धरून बोलणार आहे. अवजार जोडायला सोपं जाणार की घाम काढणार, हे जोडताना ठरत नाही, मागच्या वेळी ते सोडलं कसं यावर ठरतं. पुन्हा सांगतो, सोडलं कसं यावर.

पाऊस डोक्यावर असतो, काम उरकलेलं असतं, मग अवजार उतारावर, मऊ मातीत सोडून मंडळी घरी जातात. चार महिन्यांत एक बाजू रुतते. लहान रोटाव्हेटर म्हटला तरी दीड-दोनशे किलोचा, तो हाताने कोण उचलणार? म्हणून सारख्या उंचीचे चार चिरे मांडा, त्यावर जाड फळ्या टाका आणि अवजार त्यांवर उतरवा. त्याचं तोंड मोकळ्या बाजूला हवं, आणि समोर ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे येईल एवढी जागा हवी. वळत वळत मागे आलात की भोकं जुळत नाहीत. खळ्याला कोबा असेल तर अँगलची चौकट करून तिला चार चाकं बसवा, अवजार ढकलून जागेवर आणता येतं. शेणाने सारवलेल्या खळ्यात मात्र ती चाकं रुततात, तिथे फळीच बरी.

आता जोडणीचा क्रम. अवजार धरायला ट्रॅक्टरच्या मागे तीन दांडे असतात, दोन खाली, एक वर. आधी खालचा डावा दांडा, मग खालचा उजवा, सगळ्यात शेवटी वरचा, म्हणजे टॉप लिंक. डावा म्हणजे सीटवर बसल्यावर डाव्या हाताचा. डावा आधी का? तर बहुतेक ट्रॅक्टरांत डाव्या दांड्याची उंची बांधलेली असते, आणि उजव्याला हँडल असतं. डावा अडकवला की उजवा हँडल फिरवून वर-खाली जुळवायचा. दोन्ही बाजूंच्या चेक चेन, म्हणजे दांड्यांना आडवं हलू न देणाऱ्या साखळ्या, मात्र आधीच सैल करा, म्हणजे दांडे हाताने डावी-उजवीकडे हलतात. सोडताना हाच क्रम उलटा: आधी टॉप लिंक, मग उजवा, शेवटी डावा. जोडताना डावा, उजवा, वरचा. सोडताना वरचा, उजवा, डावा.

मागे येताना सगळ्यात लहान रिव्हर्स गिअर घ्या. दांडे उचलणाऱ्या हायड्रॉलिकला पोझिशन कंट्रोलचा, म्हणजे उंची ठरवणारा, लिव्हर वापरा, ओढीच्या जोरावर चालणारा ड्राफ्टचा नको, कारण दांडा बोटभर वर-खाली करायला पोझिशनच कामाचा. आणि ट्रॅक्टर चालू असताना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये माणूस उभा नको, पोर तर मुळीच नको. पिन जात नसेल तर घण घालू नका. पिनेचं टोक फुलतं, मग ती पुढल्या खेपेस जातच नाही.

आता ही टॉप लिंक. तिच्यामागे एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आयर्लंडच्या उत्तरेला, काउंटी डाउनमध्ये, 1884 साली एका शेतकऱ्याच्या घरी हॅरी फर्ग्युसन जन्मला. त्याला शेतीपेक्षा यंत्रांची ओढ. 31 डिसेंबर 1909 रोजी स्वतः बांधलेलं विमान त्याने उडवलं, आयर्लंडातलं ते पहिलं उड्डाण. पुढे पहिलं महायुद्ध आलं, अन्नाची टंचाई झाली, आणि 1917 मध्ये तिथल्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरांचं काम सुधारायची जबाबदारी त्याच्यावर टाकली. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत न्यायचे. फाळ दगडात अडकला की नांगर थांबे, पण मागची चाकं थांबत नसत. मग ट्रॅक्टरचं तोंडच वर उठे आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटे. माणसं मरत. जांभ्याच्या जमिनीत नांगरणी करणाऱ्या तुम्हाला फाळ अडकणं काय असतं ते मी सांगायला नको.

फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव करून टाकायचं ठरवलं. त्यातून पुढे तीन दांड्यांची जोडणी आली. खालचे दोन ओढतात. फाळ अडकला की नांगराचं डोकं पुढे झुकू पाहतं, वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, आणि पुढची चाकं जमिनीलाच धरून राहतात. दगडाने ट्रॅक्टर उलटायचा, तोच दगड आता त्याला खाली दाबू लागला! शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून हलका ट्रॅक्टरही भारी काम ओढतो. आपला मिनी ट्रॅक्टर आज चालतो तो याच युक्तीवर.

ऑक्टोबर 1938 मध्ये तो आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या घरी गेला. शेतात चालवून दाखवला, मग टेबल मागवून चावीच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरवर युक्ती समजावली. दोघांनी हात मिळवले, की झाला करार! कागद नाही, सही नाही. 1939 मध्ये ट्रॅक्टर बाजारात आलाही. पण पुढे फोर्डच्या नातवाने तो करार मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेला, आणि 1952 मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे भावाभावांत तोंडी वाटण्या होतात, आणि नातवंडं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. कुळागर असो की कुणगा, वाटणी झाली की फेरफार करून सातबारावर नोंद घाला, एवढं मी सांगणारच. असो. त्याच फर्ग्युसनचे ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. आपला एव्हरेस्टवाला हिलरी, तोच.

एवढं सगळं ज्या दांड्यापायी घडलं, तो दांडा काही ठिकाणी सळईच्या तुकड्याने अडकवलेला दिसतो! लहान ट्रॅक्टरला वरची पिन सहसा 19 मिलिमीटरची, खालच्या 22 च्या. मोठ्या ट्रॅक्टरच्या अवजाराला त्या 25 आणि 28 च्या. घाटावरून जुनं अवजार आणायला जाताना मोजपट्टी सोबत न्या. ट्रॅक्टरच्या दांड्याच्या टोकाला फिरता बॉल असतो, त्याचं भोक मोठं आणि अवजाराची पिन बारीक असेल तर बुश, म्हणजे भोकात बसणारी नळी, घाला, नाहीतर ती खडखडत झिजते. उलट असेल तर पिनच बदला. आणि माडाचा बुंधा किंवा ओंडका ओढायचा असेल तर साखळी टॉप लिंकच्या जागी कधीच लावू नका. ओढ वरून बसली की ट्रॅक्टर मागे उलटतो. साखळी खाली, ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीला.

टॉप लिंकची लांबी जमली की आट्यांवर रंगाची खूण करा, पुढच्या वेळी अंदाज घ्यावा लागत नाही. खाऱ्या वाऱ्याने दांड्यांच्या टोकांचे बॉल गंजून आखडतात, आणि बॉल वळला नाही की पिन वाकडी शिरते. म्हणून चिखलणी संपली की चिखल धुवा, बॉल सुकू द्या, ग्रीस किंवा जुनं इंजिन ऑइल लावा. पिना आणि त्या निसटू नयेत म्हणून घालायच्या छोट्या लिंच पिना अवजारालाच अडकवून ठेवा, डब्यात नको. डब्यातल्या पिना ऐनवेळी सापडत नाहीत.

राहिला पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरती ताकद अवजारापर्यंत नेणारा शाफ्ट. तो जोडताना इंजिन बंद, किल्ली खिशात. दाते जुळत नसतील तर पीटीओ न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने थोडा फिरवा, ठोकू नका. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर रोटाव्हेटर थरथरतो आणि क्रॉस, म्हणजे काट्यांमधला फुलीसारखा सांधा, लवकर जातो. मग अवजार हळूहळू पूर्ण वर, पूर्ण खाली करून बघा. शाफ्टच्या नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश शिरलेल्या राहिल्या पाहिजेत, आणि सगळ्यात आखूड स्थितीतही पंचवीस मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे. झटपट जोडायची चौकट, जिला क्विक हिच म्हणतात, ती बसवलीत तर अवजार काही इंच मागे सरकतं. तेव्हा शाफ्टची ही मोजणी पुन्हा करा.

नमस्कार.