टिंब, रेघ आणि मधली शांतता

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गल्लीतला आठवीतला एक मुलगा परवा वही घेऊन आला. इंग्रजी शब्द मोर्सच्या लिपीत, म्हणजे तारेसाठीच्या टिंब-रेघांच्या खुणांत, उतरवून त्यानं पानंच्या पानं भरली होती. अक्षर न्‌ अक्षर बरोबर. मी म्हटलं, "बाळा, यातला एक शब्द वाजवून दाखव बघू." तो गप्पच झाला. वाजवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

टिंबाला एक मात्रा, रेघेला तीन. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. खासबागेत कुस्तीला हलगी ऐकलेल्या कानाला हे लगेच उमगतं. तिथंही बोल उमटतो तो मधल्या जागेमुळं.

मग आम्ही इंग्रजी अक्षरांत 'कोल्हापूर' वाजवलं. तोंडानं म्हणताना टिंब म्हणजे 'डि', रेघ म्हणजे 'डा'. के म्हणजे डा-डि-डा, ओ म्हणजे डा-डा-डा, एल म्हणजे डि-डा-डि-डि, असं करत शेवटचा आर, डि-डा-डि. सगळ्या मिळून ८७ मात्रा. पहिल्या खेपेला तो मध्येच जास्त रेंगाळला आणि माझ्या कानावर दोन शब्द पडले: कोल्हा, पूर. तीनऐवजी सात मात्रा थांबला, एवढंच झालं. पण पंचगंगेकाठच्या माणसाला तारेतून नुसतं 'पूर' मिळालं असतं तर? २०१९ साल आपण कुणी विसरलेलो नाही. हाताखालची शांतता मोजणाऱ्या जुन्या तारमास्तरांबद्दल मला फार आदर वाटतो.

या लिपीची घडण मात्र इंग्रजीच्या मापाची. मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यात कोणत्या अक्षराचे खिळे किती, ते पाहिलं असं सांगतात. इंग्रजीत 'ई' सर्वांत जास्त लागतो, म्हणून त्याला एकच टिंब. क्वचित लागणाऱ्या 'क्यू'ला तब्बल १३ मात्रा. आपली मराठी रोमन अक्षरांत लिहिली की 'ए'च 'ए' येतात, आणि 'ए'ला पाच मात्रा पडतात.

आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हौशी रेडिओवाले मात्र अजून मोर्सवर बोलतात. तो मुलगा आता रोज संध्याकाळी येतो, वही घरी ठेवून. काल त्यानं डोळे मिटून स्टीलच्या डब्यावर चमच्यानं एक शब्द वाजवला. तसाच मी टेबलावर वाजवतो, कान द्या.

डा. डि-डा. डि-डा-डि.

टी, ए, आर. तार.