सव्वासात टनांचं डोकं

नमस्कार श्रोतेहो. मसाल्याच्या डब्यात काळी मिरी असेलच. तिचं काय ते मी शेवटी सांगणार आहे, तोवर लक्षात असू द्या.

आज बोलायचंय इजिप्तच्या एका राजाबद्दल. दुसरा रामसेस. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातला, ६६ वर्षं गादीवर बसलेला. बाप मरायची वाट बघता बघता त्याची कितीतरी मुलंच म्हातारी होऊन गेली. मर्नेप्ताह नावाच्या मुलाला अखेर गादी मिळाली, आणि तो तेरावा मुलगा होता! तेरावा, बरं का.

या रामसेसला कवितेचं फार. म्हणजे स्वतःवरच्या कवितेचं. इसवी सनापूर्वी १२७४च्या सुमाराला आजच्या सीरियात कादेश इथं तो हित्ती लोकांशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका बलाढ्य राज्याशी, लढला. शत्रूनं त्याला चकवून जवळपास घेरलं होतं. कसाबसा निभावला, पण कादेश काही हाती आलं नाही. घरी परतल्यावर मात्र या लढाईवर लांबलचक काव्य तयार झालं आणि कर्नाक, लक्सर, अबायडोस अशा देवळांच्या भिंतींवर कोरलं गेलं. त्यात राजा एकटाच हजारो रथांना पुरून उरतो. सैन्य पळालं, सरदार पळाले, सोबत राहिले ते रथाचे दोन घोडे. राजा म्हणतो, राजवाड्यात असेन तेव्हा या घोड्यांना रोज माझ्यासमोर चारा घातला जाईल. सगळ्या बढाईत मला तेवढी ओळ खरी वाटते.

नाव कोरायची हौस तर विचारू नका. आधीच्या राजांचे पुतळेसुद्धा आपल्या नावावर करून घेतले, आणि अक्षरं अशी खोल खोदायला लावली की पुढच्या कुणाला खरवडता येऊ नयेत. आमच्या कोपऱ्यावर बसथांब्याच्या शेडवर चार नावांची कोनशिला आहे. शेड गळते, कोनशिला कोरडी राहते. असो.

त्याचं एक राजनाम होतं, उसर-मात-रे. ग्रीकांच्या जिभेवर त्याचं झालं ‘ऑझिमँडियस’. पुण्याचं पूना झालं, तसंच.

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे, ती. सन १८१६. इटलीतल्या पाडुआचा जोव्हानी बेल्झोनी. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. लंडनमध्ये रंगमंचावर ताकदीचे खेळ करायचा, अंगावर लोखंडी सांगाडा चढवून त्यावर दहा-बारा माणसं उचलून चालायचा. इजिप्तला गेला तो पाणी उपसायचं यंत्र विकायला. पाशासमोर, म्हणजे इजिप्तच्या सत्ताधीशासमोर, यंत्र चालवून दाखवताना अपघात झाला, सोबतच्या पोऱ्याचा पाय मोडला, धंदा बुडाला. परक्या देशात बायको बरोबर आणि खिसा रिकामा. तेव्हा इंग्रज सरकारच्या तिथल्या वाणिज्यदूतानं, हेन्री सॉल्टनं, त्याला काम दिलं: लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला, रामसेसच्या पडक्या देवळात त्याचं एक दगडी डोकं पडलंय, ते नदीपर्यंत आण.

डोकं म्हणजे केवढं? सव्वासात टन. पुन्हा सांगते, सव्वासात टन. आमच्या जुन्या चाळीत लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना सहा माणसं लागली होती आणि जिन्याचा कठडा कायमचा वाकला. आणि बेल्झोनीकडे साहित्य काय? चौदा वासे, ताडाच्या काथ्याचे चार दोर आणि चार लाकडी रूळ. कप्पी नाही, काही नाही. माणसं साधारण ऐंशी, रोजंदारीची.

त्यानं वाशांची पहार करून डोकं जरासं उचकटलं, खाली लाकडी गाडा सरकवला. मग गाड्याचं तोंड उचलून खाली रूळ. डोकं जागचं हललं तशी मजुरांनी आरोळी ठोकली. हे हलेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. जोर यांनी लावला, घाम यांनी गाळला, आणि श्रेय दिलं सैतानाला! बेल्झोनी बाजूला उभा राहून वहीत टिपणं काढत होता, तेव्हा तो मंतर लिहितोय, अशी यांची खात्रीच पटली. देवळातून बाहेर काढताना दोन खांबांच्या बैठका आड आल्या. त्यानं त्या फोडल्या. हे मला अजूनही खुपतं. हजारो मैलांवरून बोलायला माझं काय जातं म्हणा, तरी खुपतं.

निघाले २७ जुलैला. ऐन उन्हाळा, त्यात रमजान. एका दिवसात पन्नास यार्ड, दुसऱ्या दिवशी दीडशे. बेल्झोनी स्वतः उन्हानं आडवा झाला. वाटेत नाईलच्या पुराखाली जाणारी सखल जमीन होती, आणि पूर चढत होता. नेमके तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी एकही मजूर आला नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं मनाई केली होती. बेल्झोनीनं अंगाला अंग भिडवून एकाची हत्यारं काढून घेतली, मग वरच्या साहेबाकडे गेला, गोड बोलला, आपली पिस्तुलं भेट दिली आणि मजूर परत मिळवले. १२ ऑगस्टला डोकं नदीकाठी. पुढं होडीसाठी तीन महिने बसून राहावं लागलं, कारण होड्या सगळ्या दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या. १७ नोव्हेंबरला मातीचा उतार रचून डोकं होडीत उतरवलं. होडी काही बुडाली नाही.

हे डोकं लंडनला पोचलं १८१८मध्ये. आणि लक्ष द्या, ‘ऑझिमँडियस’ नावाची प्रसिद्ध इंग्रजी कविता त्याच्या आधीच झाली होती! १८१७च्या नाताळात इंग्रज कवी शेली आणि त्याचा मित्र होरेस स्मिथ यांनी पैज लावली, एकाच विषयावर दोघांनी सुनीत लिहायचं. ग्रीक इतिहासकार डायोडोरसनं रामसेसच्या पुतळ्यावरचा लेख नोंदवला होता, तो विषय. शेली पंचवीस वर्षांचा, इजिप्त कधी पाहिलेलं नाही. त्याचं सुनीत ११ जानेवारी १८१८ला छापून आलं. चौदा ओळी. वाळवंटात दोन दगडी पाय, बाजूला फुटका चेहरा, ‘माझी कामं बघा आणि हताश व्हा’ अशी अक्षरं, आणि भोवती नुसती वाळू. स्मिथचंही छापलं होतं. ते आता कुणाला आठवत नाही, बिचारा. राजाची भिंतीवरची मैलभर कविताही अभ्यासकांपुरती राहिली.

हित्तींशी पुढं झालेला तह, त्याचं अबू सिंबेलचं देऊळ उचलून वर नेलं ते, हे सगळं राहिलं. निर्मातीताई काचेमागून घड्याळ दाखवतायत. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो रामसेसच्या पासपोर्टचा फोटो बनावट आहे, एवढं सांगते. १९७६मध्ये त्याची ममी बुरशीवर इलाज करायला विमानानं पॅरिसला नेली, हे मात्र खरं.

आणि मिरी. ममीच्या नाकपुड्यांत शास्त्रज्ञांना काळ्या मिरीचे दाणे सापडले. मिरी आपल्याकडची, मलबारच्या बाजूची. पट्ट्या आवळून बांधताना नाक चपटं होऊ नये म्हणून ते दाणे आत भरले असावेत. शेलीच्या वाळूत राजाचा चेहरा फुटलेला आहे. कैरोच्या संग्रहालयात तो आडवा पडलाय, आणि त्याचं बाकदार नाक अजून ताठ आहे. नमस्कार.