घाम उन्हाचा की शुगरचा?

नमस्कार श्रोतेहो. नागपूरच्या महाल भागात माझं औषधांचं दुकान आहे. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एक काका येऊन दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. सदरा घामानं ओलाचिंब, हात थरथरताहेत. काय होतंय विचारलं तर माझ्यावरच खेकसले.

शेजारचे धावून आले. "ऊन लागलं भाऊ, दुसरं काय!" एकानं कांदा फोडला, दुसऱ्यानं ओआरएस कालवायला घेतलं, तिसरा समोरून संत्रा बर्फी घेऊन आला. मे महिन्यातल्या नागपुरात घामाघूम माणूस पाहून ऊनच आठवणार, त्यात त्यांची चूक नाही. पण काकांच्या खिशातून ग्लिमेपिराइडची पट्टी डोकावत होती. म्हणजे शुगरचे पेशंट. बोटातून थेंब घेऊन मशीनवर लावला. ४८!

७० च्या खाली गेली की शुगर लो झाली म्हणायचं. घाम, थरथर, धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक, आणि मग डोकंच चालत नाही. माणूस चिडतो, बरळतो. पाहणाऱ्याला वाटतं, पिऊन आलाय.

मी आधी काकांच्या हातात साधं पाणी दिलं. पेला त्यांनी स्वतः धरला, एक घोट गिळला, ठसका लागला नाही. एवढं बघितलं आणि मगच अर्ध्या पेल्यात ग्लुकोज पावडर कालवली. चहाचे तीन चमचे भरून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ओआरएस का नाही? लिटरभराच्या पाकिटात ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. त्यातलं पेलाभर प्यायलं तर पोटात जेमतेम पावणेतीन ग्रॅम जातं. आणि बर्फीतल्या खव्याच्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. ग्लुकोज नसेल तर तेवढीच साखर पाण्यात चालते. मात्र शुगरसाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर ग्लुकोजच हवं, कारण ती गोळी पोटात साखर फुटूच देत नाही.

मग १५ मिनिटं थांबायचं. लोकांना नेमकं हेच जमत नाही. पाचव्या मिनिटाला "आणखी द्या, आणखी द्या" सुरू झालं. मी घड्याळाकडे बोट दाखवत राहिलो. पुन्हा तपासली तर ६१. परत तीन चमचे, परत १५ मिनिटं. ९८ आली आणि काका एकदम ओशाळून म्हणाले, "मी काही बोललो का हो तुम्हाला?" मशीन नसती तरी मी ग्लुकोज दिलंच असतं. शुगर वाढलेली असती तरी तीन चमच्यांनी फार बिघडलं नसतं; लो असताना वाट पाहणं मात्र महागात पडतं.

आता बेशुद्ध माणसाचं. त्याच्या तोंडात काहीही घालू नका. ना पाणी, ना पेढा. गिळता येत नाही, ते श्वासनळीत जातं. हिरड्यांना पावडर चोळण्यातही अर्थ नाही, ग्लुकोज आतड्यातच शोषलं जातं. त्याला कुशीवर वळवा, १०८ लावा. दवाखान्यात ग्लुकोज शिरेतून देतात. आणि इन्सुलिन त्या वेळी चुकूनही टोचू नका.

काकांनी सकाळी गोळी घेतली होती आणि लग्नातली पंगत लांबली होती. त्यांना मी बिस्किटं खायला लावली, मुलाला फोन करून बोलावलं. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो, शुगर पुन्हा उतरू शकते. म्हणून मुलगा त्यांना थेट डॉक्टरकडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी काका आले. खिशात उन्हासाठीचा कांदा होताच, त्याच्या शेजारी ठेवायला ग्लुकोजचं पाकीट मागत होते.