भिंतीवर जड वस्तू टांगताना

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय भिंतीवर जड वस्तू टांगण्याबद्दल, म्हणजे गिझर, टीव्ही, मोठा आरसा, पुस्तकांचं शेल्फ वगैरे. कॅलेंडरचा खिळा कसाही ठोकला तरी चालतो हो, पण गिझरचं तसं नाही. २५ लिटर पाणी म्हणजे २५ किलो, वर टाकीचं वजन धरलं की झाले ३५ च्या आसपास, आणि खाली आपल्याच घरातलं कोणीतरी तोंडाला साबण लावून उभं असतं.

तर मुख्य गोष्ट अशी की वजन पेलते ती वीट. वरचं प्लॅस्टर, जुनी माणसं ज्याला गिलावा म्हणतात, ते आतल्या बाजूला साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतं, त्यावर हल्ली पीओपी किंवा जिप्सम मारतात ते आणखी १० एक मिलिमीटर धरा, म्हणजे वीट लागायच्या आधी जवळजवळ इंचभर नुसता कच्चा थर. आता गिट्टी, म्हणजे भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी जी स्क्रू आवळला की फुगून घट्ट बसते, ती ३५ मिलिमीटरची घेतली तर विटेत जाते जेमतेम १० मिलिमीटर, बाकीची प्लॅस्टरमध्येच फुगते आणि एक दिवस खपलीसकट बाहेर येते. म्हणून लांब गिट्टी घ्या, तिच्या मापाचा लांब स्क्रू घ्या, आणि गिट्टी हलकेच ठोकून प्लॅस्टरच्या पार विटेत बसवा.

वीट लागली हे कसं कळणार? ड्रिल मारताना खाली कागद धरा आणि भुकटी बघत रहा. आधी पांढरी येईल ती पीओपीची, मग करडी ती सिमेंटची, मग लाल. लाल दिसली की तिथून पुढे निदान ५० मिलिमीटर आत जाऊ द्या. मध्येच परत करडी वाळू आली आणि ड्रिल सटकन आत गेलं तर समजा विटांच्या सांध्यात घुसलंय, दोन इंच बाजूला दुसरं भोक पाडा. ड्रिल पुढेच सरकेना तर बहुतेक कॉलम किंवा बीम आहे, तिथे लोखंडी फास्टनर, म्हणजे आवळला की आत फुगून घट्ट होणारा बोल्ट, छान बसतो. आणि प्लॅस्टरनंतर लाल आलीच नाही, पावडरीसारखी मऊ पांढरट भुकटीच येत राहिली तर भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची आहे. नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी हेच असतं. तिथे ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे फिरता फिरता ठोके देणं, बंद करायचा आणि त्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी किंवा केमिकल फास्टनर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवतात तो, वापरायचा, लोखंडी फास्टनर आवळला की ब्लॉक आतल्या आत चुरतो.

भोकातली भुकटी फुंकून काढा, हे लोक हमखास विसरतात, आणि मग गिट्टी त्या धुळीतच फिरत बसते. भोक मोठं झालं तर काड्यापेटीच्या काड्या कोंबू नका, वरच्या मापाची गिट्टी घ्या.

शेल्फचं गणित जरा वेगळं. फोटो भिंतीला चिकटून असतो, त्याचं वजन सरळ खाली जातं. शेल्फ फूटभर पुढे येतं, त्यामुळे वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो, तेव्हा ब्रॅकेटची उभी बाजू लांब घ्या आणि सगळ्यात दणकट स्क्रू वर लावा. पुढे ओढता येणाऱ्या टीव्ही स्टँडलाही हेच लागू.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, आत वायर असते, बाथरूममध्ये नळाच्या रेषेत पाइप. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना तर मी सांगेन की मातीविटांच्या आणि चुन्याच्या भिंतीवर भरवसा ठेवूच नका, लाकडी खांब किंवा तुळई शोधा. आणि बोटाने टकटक केल्यावर प्लॅस्टर पोकळ वाजलं तर आधी ते काढून नवीन करून घ्या.

एवढं झाल्यावर गिझर चढवण्याआधी नुसतं ब्रॅकेट दोन्ही हातांनी खाली ओढा, बाहेर ओढा, आणि ते किंचित जरी हललं किंवा स्क्रूभोवती केसाएवढी चीर दिसली तर टाकी वर चढवू देऊ नका, कारागीर कितीही घाईत असू दे.