जोडीचा दात आला का?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय पटाशीच्या दातांविषयी. किडीविषयी नाही, तिच्यावर या कार्यक्रमात पुष्कळ बोलून झालंय. आज बोलू दात घडतानाच होणाऱ्या गडबडींविषयी. कायमचे वरचे मधले दोन दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यांच्या शेजारचे आठव्या-नवव्या वर्षी. थोडं मागेपुढे झालं तर काही बिघडत नाही. पण एक मधला दात आला आणि सहा महिने उलटले तरी त्याच्या जोडीचा आला नाही, तर एक्स-रे काढा. शेजारचा बारका दात आला आणि मधल्याचा पत्ता नाही, तरीही एक्स-रे काढा.

आता एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी मी ती सुरू केली की माणसं पाणी प्यायला उठतात, पण तुम्ही ऐका.

चौथीतला एक मुलगा दवाखान्यात आला, बरोबर आजी आणि मामा. वरचा उजवा दात ऐटीत आलेला आणि डावीकडे नुसती गुलाबी हिरडी. दुधाचा दात पडून वर्ष उलटलेलं. मी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" आजी म्हणाल्या, "अहो डॉक्टर, याच्या आईलाही उशिराच आले होते. आणि हा तान्हा असताना याचे वरचे दात आधी आले, तेव्हाच मी म्हटलं होतं, मामाला जड जाणार!" मामा बिचारा कोपऱ्यात हसत होता.

मी हिरडी बोटाने चाचपली, काही लागलं नाही. एक्स-रे काढला. डावा दात वर हाडात शाबूत होता, आणि त्याच्या वाटेत आडवा पडलेला एक जास्तीचा, गव्हाच्या दाण्यासारखा टोकदार दात. पण तो ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे एका एक्स-रेत कळत नाही. मग दुसरा काढला, यंत्राची नळी थोडी डावीकडे सरकवून. चित्रातला जास्तीचा दातही शेजारच्या दातांच्या मानाने डावीकडे सरकला. नळीबरोबर सरकला, म्हणजे टाळूच्या बाजूला. नळीच्या उलट सरकला असता, तर ओठाच्या बाजूला. हल्ली त्यासाठी थ्री-डी स्कॅनही मिळतो, पण बऱ्याचदा हे दोन साधे एक्स-रे पुरतात. (व्हॉट्सअ‍ॅपवर तोंडाचा फोटो पाठवून "डॉक्टर, बघून सांगा ना" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, हाडातलं मोबाइलला दिसत नाही. आणि वाढदिवसाच्या केकच्या फोटोतलं तर मलाही दिसत नाही.)

मी आजींना समजावत होतो की असे जास्तीचे दात कधीकधी घराण्यात चालत येतात, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतात. तेवढ्यात मामा म्हणाला, "डॉक्टर, माझ्याही टाळूला एक खडा आहे, लहानपणापासून." मी म्हटलं, "आ करा बघू." बॅटरी मारली, तर पुढच्या दातांच्या मागे तसाच टोकदार दात! आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी काय सांगत होते?" अर्धं तर त्यांचं खरंच ठरलं.

मुलाला भूल देऊन टाळूकडून हिरडी उचलली, जास्तीचा दात काढला, टाके घातले. जागा पुरेशी होती आणि अडकलेल्या दाताचं मूळ अजून पुरं बनलेलं नव्हतं. अशा दाताला स्वतःचा जोर असतो, म्हणून वाट बघायची ठरवली. काही महिन्यांनी हिरडीतून पांढरी कड दिसली. दात थोडा तिरका आला, पुढे तार लावून सरळ केला. तो आपणहून आला नसता, तर त्यावर बटण चिकटवून साखळीने खाली ओढावा लागला असता. तेही करतात, पण वेळ लागतो. मामाला त्याचा खडा काढू का विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या, दातावर दात नशिबाचा असतो." आता याला काय म्हणणार!

बाकीचं झटपट सांगतो. सात ते अकरा वर्षांत वरच्या दातांत फट दिसली तर घाबरू नका. सुळे आले की ती पुष्कळदा आपोआप मिटते. शेजारचा दात खुंटीसारखा बारीक असेल, तर त्यावर दाताच्या रंगाचा लेप चढवून आकार देता येतो. दाताच्या मागच्या बाजूला खोल खळगी असेल, तर ती लवकर बुजवून घ्या. तिथून कीड शिरली की नस खराब होते आणि बाहेरून दात धडधाकट दिसतो. पुढचा दात दुप्पट रुंद आला तर तो एकच धरून आधी दात मोजा. संख्या भरली तर बहुधा एकच दात दुभंगू पाहत होता. एक कमी भरला तर दोन जुळले असण्याची शक्यता जास्त. शाळेच्या शिबिरात किडलेले दात मोजतात आणि पेस्टची पुडी देऊन पाठवतात. सगळे दात मोजायला आणखी किती वेळ लागेल हो?

दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतील, तर पाण्याची चौकशी करा. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर ते पाणी पिण्याला नको. आणि जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, तसं मुलांना देऊ नका. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी.

तर पुन्हा सांगतो, जोडीचा दात सहा महिन्यांत आला नाही तर एक्स-रे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. आणि दुधाचा दात साधारण कोणत्या महिन्यात पडला, हे आठवून लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.